हरणाच्या टाचेवरची खूण

बाळांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक चित्र मनात आणा. तुमच्यासमोर एक जनावर नाचतं आहे. उंच शिंगं, अंगभर मक्याच्या सालपटांची झूल, धुळीत गरगर फिरणारं. त्या जनावराच्या आत एक माणूस आहे, आणि तो माणूस तुमचा बाप आहे. तुम्हाला हे ठाऊक आहे. शेजारणीला ठाऊक आहे. साऱ्या गावाला ठाऊक आहे. तरी तोंडानं म्हणायचं एवढंच, ‘जनावर आलं.’ टाळ्या वाजवायच्या, गाणं म्हणायचं आणि जनावराच्या पायांकडं पाहायचं नाही. जो कुणी आतल्या माणसाचं नाव घेईल, त्याला स्मशानाच्या राईत नेतात. तिथून परत आलेली एक बाई झियोनेनं पाहिली होती. ती पुन्हा कधी बोलली नाही.

झियोने दहा वर्षांची होती. नदीवरून पाण्याचा भरला घडा डोक्यावर आणताना ती दोन्ही हात मोकळे सोडून चालायची आणि वाटेत टाळ्या वाजवत गाणी म्हणायची. घड्यातून थेंब सांडायचा नाही. तिची आई नासोको हसून म्हणायची, “मानेत काय झाड उगवलंय का गं तुझ्या?”

बापाचं नाव मासुला. तो लाकडाची उखळं कोरायचा. एकदा कुऱ्हाड निसटून त्याच्या डाव्या पायाची टाच फाटली. जखम भरली, पण तिथं मक्याच्या दाण्यांच्या ओळीसारखा एक उंचवटा कायमचा राहिला. धुळीत पाऊल उमटलं की ती ओळही उमटायची. बाप घरी आला की नाही, हे झियोने अंगणातली माती बघून सांगायची.

मासुला त्या गावचा नव्हता. त्या मुलखात नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. पोरं आईच्या कुळाची आणि त्यांच्यावर शब्द चालतो तो मामाचा. नवरा म्हणजे जन्मभराचा घरजावई. थट्टेनं त्याला कोंबडा म्हणतात. दुसऱ्याच्या अंगणात आरवतो म्हणून. झियोनेचा मामा चिवोको हा गावचा मुखिया होता, आणि ‘न्याऊ’चाही मालक होता. न्याऊ म्हणजे मुखवटे घालून जनावरं होणाऱ्या पुरुषांचं मंडळ. त्यांचं सामान, त्यांची गुपितं, सगळं स्मशानाच्या राईत. बायकापोरांनी तिथं पाऊल ठेवायचं नाही.

ते साल होतं १९१७. उत्तरेकडं इंग्रज आणि जर्मन एकमेकांच्या जिवावर उठले होते. भांडण त्यांचं, पण त्याचं ओझं इथल्या डोक्यांवर. तिकडं गाडीची वाट नव्हती आणि माशी चावून बैल मरायचे. म्हणून गोळ्यांच्या पेट्या, पिठाची पोती, साहेबाचा घडीचा पलंग, अगदी त्याच्या आंघोळीचा टबसुद्धा माणसांनी वाहायचा. या हमालीला लोक टेंगाटेंगा म्हणत. गेल्या वर्षी गावातून अकरा जण गेले. परतले तीन. त्यांतला एक मुखियाच्या अंगणातल्या झाडाखाली बसून राहिला, कुणाला ओळखेना, आणि आठवड्यात गेला. त्यांना गोळी कुणी घातली नव्हती. कच्चा मका, पोटाची हगवण, चिखल आणि ताप, एवढ्यावरच माणसं संपत होती.

ऑक्टोबरात, पाऊस अजून महिनाभर लांब असताना, बोमाचा शिपाई आला. बोमा म्हणजे जिल्ह्याची सरकारी कचेरी. शिपायाचं नाव मालुंगा. लाल गोंड्याची टोपी, बरोबर दोन बंदूकवाले.

“काय मुखिया, तब्येत बरी ना?”

“तुम्ही दिसेपर्यंत बरी होती,” चिवोको म्हणाला.

मालुंगा मनापासून हसला. त्याला विनोद आवडायचे. “सहा डोकी हवीत. उद्या निघायचंय.”

“गेल्या वर्षी अकरा दिली होती की!”

“ती संपली. म्हणून तर नवी मागायला आलो.”

चिवोकोनं सहा नावं दिली. सहाही घरजावयांची. सख्ख्या बहिणींची पोरं त्यानं आदल्या दिवशीच मासे धरायला म्हणून लांबच्या दलदलीत पाठवली होती. तो काही वाईट माणूस नव्हता. झियोनेला खांद्यावर बसवून त्यानं जत्रा दाखवली होती. पण कुळाची पोरं वाचवायची तर बाहेरून आलेले द्यायचे, हे त्याला सरळ वाटलं. त्या गावातल्या कुठल्याही मामाला सरळच वाटलं असतं.

जावयांना मात्र कुणकुण लागली होती. शिपाई झोपड्यांत शिरला तर चुली गरम आणि अंथरुणं रिकामी.

“हरकत नाही,” मालुंगा म्हणाला. “कोंबडे पळाले तर कोंबड्या धरू.”

शेळ्यांचा गोठा खांबांवर उभा असतो, वासे एकमेकांना चिकटवून केलेला. आत माणसाला नीट बसताही येत नाही. शेळ्या बाहेर काढल्या आणि सहा बायका आत कोंबल्या. नासोकोच्या छातीशी चार महिन्यांचं तान्हं होतं. त्याचं अजून नावही ठेवलं नव्हतं.

“पाणी नाही, अन्न नाही,” मालुंगानं साऱ्या गावाला ऐकवलं. “जिचा नवरा येईल, ती बाहेर. मी कुणावर हात उचलत नाही. ऊन काय ते करील.”

पहिला आला काफुला, सहा जावयांतला सगळ्यात म्हातारा. एका डोळ्यानं आंधळा, गुडघे वाकलेले.

“अहो, याला धड दिसत नाही,” चिवोको म्हणाला. “हा कसला ओझं नेणार?”

“बोमा डोकी मोजतो, मुखिया, डोळे नाही. दात नाही, दाढी नाही.” मालुंगानं गावातून वसूल केलेल्या पोत्यांतलं पन्नास रत्तल पिठाचं एक पोतं म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. म्हातारा डगमगला, पण उभा राहिला. “बघा! ओझं राहिलं. म्हणजे हे डोकं. मी सगळ्यांसमोर मोजलं की मोजलं, मग साहेबही मागं घेत नाही.” त्यानं इकडंतिकडं पाहिलं. “हसा की! हसायला बोमा पैसे घेत नाही.”

माणसं हसली. हसावंच लागलं. काफुलाच्या गळ्यात दोर पडला आणि त्याची बायको गोठ्यातून रांगत बाहेर आली.

झियोने हे सगळं बघत होती, ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाच जण आले. पाच बायका सुटल्या. गोठ्यात उरली नासोको आणि तिचं तान्हं.

झियोने नदीवरून घडा घेऊन आली. बंदूकवाल्यानं तो तिच्या डोक्यावरून उचलला, गोठ्यापाशी नेला आणि आतल्या बाईच्या डोळ्यांसमोर मातीत हळूहळू ओतला. मग रिकामा घडा झियोनेच्या हातात परत दिला, अगदी जपून, फुटू नये म्हणून. वाशांच्या फटीतून नासोकोचा हात बाहेर आला. तिनं ओल्या मातीची मूठ भरली आणि तान्ह्याच्या ओठांवर पिळली.

मालुंगा सावलीत बसून काडीला टोचलेले भाजके उंदीर खात होता. गवत जाळलं की रानउंदीर मिळतात आणि त्या दिवसांत सगळेच आवडीनं खातात. त्यानं एक झियोनेपुढं धरला.

“घे. मी काय पोरांचा दुश्मन आहे?”

तिनं घेतला, धावत गेली आणि फटीतून आईला दिला. नासोकोनं एक तुकडा तोडला, चावला, पण तोंडात ओल नव्हती. गिळता येईना. तिनं तो परत थुंकला आणि म्हणाली, “तू खा गं. वाया घालवू नकोस.”

“आई, बाबा कुठायत?”

“मला काय माहीत? आणि तुलाही माहीत नाही. कळलं?”

पण झियोनेला माहीत होतं. राईच्या तोंडाशी एक मोठं अंजिराचं झाड आहे. गावातली पोरं तिथं जनावरांसाठी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, ठेवून येतात. ठेवायचं, हाक मारायची आणि मागं न बघता निघायचं. काल तिनं तिथं टोपली ठेवली, तेव्हा धुळीत एक पाऊल उमटलेलं होतं. टाचेवर दाण्यांची ओळ.

त्या दिवशी ती टोपली ठेवून निघाली नाही.

“जनावरांनो, जेवण आलंय!”

झाडीत पानं हलली. मग एक किनरा, चिरका आवाज आला. जनावरं माणसाच्या आवाजात बोलत नाहीत. “ठेव आणि जा, पोरी.”

बाबा म्हणायची सोय नव्हती. ती झाडाकडं पाठ करून बोलली. “जनावरा, तू रानात सगळीकडं फिरतोस. तुला मासुला नावाचा माणूस भेटला तर एक निरोप सांगशील?”

मग तोच चिरका आवाज. “काय?”

“म्हणावं, तुझी बायको गोठ्यात आहे. दोन दिवस झाले. तिचं दूध आटलंय. बाळ आता रडत नाही, नुसतं तोंड उघडतं.”

पानं हलायची थांबली.

“जनावरा, ऐकलंस ना?”

“ऐकलं.” आवाज मध्येच माणसाचा झाला आणि घाईनं पुन्हा वर चढला. “तो माणूस इथं नाही. तो पोर्तुगीजांच्या मुलखात पळाला. फार लांब. त्याला निरोप पोचायचा नाही.”

“तो माझा बा... म्हणजे, तो मासुला,” झियोने अडखळली. “तो घाबरट नाही.”

“त्यानं त्या परत आलेल्याला झाडाखाली मरताना बघितलंय,” जनावर म्हणालं. “माती खात होता तो. जा आता. पुन्हा असं विचारलंस तर राईत ओढून नेतील तुला.”

ती गेली. बाळांनो, मासुलावर लगेच रागावू नका. किंवा रागवा, ते तुमच्यावर आहे. मुखवटा घातला की बोमाचा शिपाईसुद्धा हात लावत नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण मुखवटा काढला की काय होतं, हेही ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी गावातली सगळ्यात म्हातारी बाई, चालेरा, वारली. ती चिवोकोची मावशी. तिला न्यायला सकाळी न्याऊचं मोठं हरीण, तेच शिंगांचं जनावर, येणार हे ठरलेलंच होतं. हरीण आल्याशिवाय मेलेल्याला घर सोडता येत नाही. घरातच घुटमळत राहतो.

चिवोको मालुंगाकडं गेला. “नासोकोला तेवढ्यापुरतं सोडा. गाणं तीच उचलते. तिच्यावाचून हरीण नाचायचं नाही.”

“गोठ्यातून गाऊ दे की,” मालुंगा म्हणाला. “फटी आहेत पुष्कळ.” मग तो डोळे बारीक करून हसला. “हरणाच्या आत कोण असतं हो तुमच्या गावात?”

चिवोकोचा चेहरा दगड झाला. “हरीण असतं.”

“माझ्याही गावात हरीणच असतं. मीसुद्धा राईत जाऊन न्याऊचा झालोय, मुखिया. जनावराला मी हात लावणार नाही, माझ्या सात पिढ्या मला माफ करणार नाहीत. पण एखाद्या पोरानं सगळ्यांसमोर नाव घेतलं, तर मग ते जनावर कुठं राहिलं? मग तो नुसता सालपटात लपलेला कोंबडा.”

सकाळ झाली. चालेराला चटईत गुंडाळून दाराशी ठेवलं होतं. ढोल सुरू झाले. बायका अर्धगोल करून उभ्या राहिल्या, पण गाणं उचलायला कुणी पुढं होईना. तेवढ्यात गोठ्यातून आवाज आला. फाटका, कोरडा, अर्धा शब्द गिळणारा. नासोको गात होती. पहिल्या ओळीला तिला खोकला आला, दुसरी तिनं अर्ध्यावरच सोडली. बायकांनी ध्रुपद धरलं.

राईतून हरीण आलं. माणसाहून उंच, लांबलचक, शिंगं हलवत. ते गोल गोल फिरू लागलं तशी सालपटं उडाली, धूळ चढली. एका गिरकीला झूल जरा उचलली गेली आणि झियोनेच्या नजरेला डावी टाच पडली. तिनं मान वळवली.

मालुंगानं हात वर केला. ढोल थांबले.

“ए चिमणे, इकडं ये.” त्यानं झियोनेचा खांदा धरून तिला हरणासमोर उभं केलं. “तू मुखियाची भाची. हुशार आहेस म्हणे. सांग, हे कोण?”

बायका मागं सरकल्या.

“नाव घेतलंस की तुझी आई या क्षणी बाहेर. पाणी, न्सिमा, सगळं. नाही घेतलंस तर मी आणखी तीन दिवस इथंच बसतो. मला घाई नाही. घाई त्या बाळाला आहे.”

झियोनेनं गोठ्याकडं पाहिलं. फटीत आईचा एक डोळा दिसत होता. तो डोळा डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं हलत होता. नको. नको. तिच्या छातीशी बाळ होतं, त्याचं तोंड उघडं होतं आणि आवाज येत नव्हता.

तिनं मामाकडं पाहिलं. मामा जमिनीकडं पाहत होता. त्याच्यामागं न्याऊचे चार म्हातारे उभे होते आणि ते चौघे तिच्या तोंडाकडं बघत होते.

मग तिनं हरणाकडं पाहिलं. हरीण उभं होतं. त्याची सालपटं सुळसुळ वाजत होती आणि वारा तर नव्हता. एक पाऊल पुढं आलं असतं तर संपलं असतं सगळं. एक पाऊल. तिनं वाट पाहिली. तिच्या आयुष्यात ती कशाचीच एवढा वेळ वाट पाहत थांबली नव्हती.

पाऊल पुढं आलं नाही.

“हरीण आहे,” झियोने म्हणाली.

“काय?”

“मोठं हरीण आहे. आजीला न्यायला आलंय.”

मालुंगानं तिचा खांदा सोडला. “बरं. मग बसू या.” तो वळला.

“तुम्हाला सहावं डोकं पाहिजे ना?” झियोनेनं विचारलं.

“पाहिजे तर काय?”

ती पिठाच्या पोत्यांपाशी गेली. जाताना खांद्यावरच्या फडक्याची चुंबळ केली, रोज नदीवर करायची तशीच, आणि डोक्यावर ठेवली. एका पोत्यापाशी ती गुडघ्यांवर बसली. तिला ते एकटीला उचलेना.

“मामा,” तिनं हाक मारली. “जरा हात लावा.”

चिवोको हलला नाही.

“मामा, पोतं जड आहे. हात लावा ना.”

तिच्यावर शब्द चालायचा तो मामाचाच. बापाचा नव्हे, आईचा नव्हे, बोमाचाही नव्हे. तो नको म्हणाला असता तर मालुंगाला आणखी एक तंटा झाला असता. पण दलदलीत बहिणींची पोरं होती, दाराशी मावशी होती आणि गोठ्यात बहीण होती. चिवोको पुढं आला, वाकला आणि पोत्याला हात लावला. पोतं वर गेलं. झियोनेची मान आत दबली. एक पाय मागं सरकला, मग थांबला. ती हळूहळू उभी राहिली.

गोठ्यातून एक आवाज आला. तो गाण्याचा नव्हता.

“हे काय खेळ लावलेत?” मालुंगा हसत म्हणाला. पण कुणीच हसलं नाही.

“डोळे मोजत नाही, दात मोजत नाही, दाढी मोजत नाही,” झियोने म्हणाली. तिचा श्वास अडकत होता, म्हणून ती एकेक शब्द वेगळा बोलली. “ओझं राहिलं की ते डोकं. तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात.”

मालुंगानं तिच्याकडं पाहिलं. मग चोहीकडं पाहिलं. मग पोत्याकडं. ते हलत नव्हतं. त्याच्या तोंडावरचं हसू गेलं आणि थोड्या वेळानं परत आलं, पण दुसरंच.

“मला काय,” तो म्हणाला. “साहेबाला सहा सांगितलेत. रस्त्यात पडलं तर तो साहेबाचा प्रश्न.” त्यानं बंदूकवाल्याला मानेनं खूण केली. “गोठा उघड. आणि हिला दोर लाव. म्हाताऱ्याच्या मागं, पावलं जुळतील.”

गोठा उघडला. नासोको बाहेर पडली आणि तिथंच कोसळली. बायका पाणी घेऊन धावल्या. कुणीतरी पाण्यात बोट बुडवून बाळाच्या तोंडात थेंब टाकले. ते थेंब तोंडातच राहिले. मग गळा हलला. नासोकोनं उठायचा प्रयत्न केला, पोरीच्या दिशेनं एक हात पुढं केला, पण बायकांनी तिला धरून ठेवलं.

काफुलानं मागं वळून एका डोळ्यानं झियोनेकडं पाहिलं. “मान सरळ ठेव गं, नात,” तो पुटपुटला. “आणि माझ्या पाठीकडं बघ. वाटेकडं बघू नकोस.”

दोर ताणला. सहा जण चालू लागले. वाट हरणाच्या अंगावरूनच जात होती, हात लांब केला तर सालपटांना लागेल इतक्या जवळून. हरीण अजून तिथंच उभं होतं. झुलीच्या खाली, धुळीत, डावी टाच उघडी पडली होती. तिच्यावर दाण्यांची ओळ होती आणि ती थरथरत होती.

झियोने त्याच्यापाशी पोचली. तिचे दोन्ही हात मोकळे होते, नदीच्या वाटेवर असायचे तसे. तिनं खाली पाहिलं नाही. जनावर समोर आलं की बायका करतात तसे तिनं हात छातीपुढं जोडले, दोनदा टाळ्या वाजवल्या आणि आईनं अर्धवट सोडलेली गाण्याची ओळ पुढं म्हणत ती निघून गेली.